खटका दाबला होता

कन्नमवारनगरात श्यामसुंदर तिर्लोटकरांबरोबर फिरायला निघायचं तर हाताशी वेळ हवा. माणूस सज्जन, गप्पिष्ट, पण दर वीस पावलांवर थांबणार. कुठल्या इमारतीच्या गेटला नवा रंग दिसला की जवळ जाऊन वाकणार, नखाने हळूच टोकरून बघणार आणि मान हलवणार. "प्रायमर मारलेला नाय. दोन पावसाळे टिकला तरी खूप." मग वॉचमन बाहेर येणार, तिर्लोटकर त्याला प्रायमरचं महत्त्व समजावणार, आणि आपण भाजीची पिशवी धरून उन्हात उभे.

हे वेड त्यांना कारखान्यातून लागलं. वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. संप झाला, गिरणी बसली ती बसलीच. श्यामसुंदर तेव्हा बावीस वर्षांचे, आणि नशिबाने वर्षभर आधीच विक्रोळीच्या एका पंपांच्या कारखान्यात पेंट शॉपला चिकटलेले. घरात खाणारी पाच तोंडं, मिळवता हा एकटा. त्यांनी हातात स्प्रे गन धरली ती सदतीस वर्षं सोडली नाही. साखळीला टांगलेला पंप समोर यायचा, तिर्लोटकर डोळे बारीक करून गन फिरवायचे, आणि पंप पुढे जायचा तेव्हा त्याच्यावर ना ओघळ ना डाग. लोक म्हणायचे, तिर्लोटकरांनी रंगवलेल्या पंपात बघून भांग पाडावा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हेच वाक्य वापरलं, आणि तिर्लोटकर ते आजही लोकांना ऐकवतात, कुणी विचारलेलं नसताना.

घरी पत्नी उत्तराबाई, मुलगा यज्ञेश आणि तीन वर्षांपूर्वी आलेली सून रुचिरा. यज्ञेश विमानतळावर कार्गोत, त्याच्या पाळ्या सतत बदलत्या. रुचिरा कुडाळजवळची. तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि टागोरनगरच्या नाक्यावरच्या एका पॅथॉलॉजी लॅबसाठी ती घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायची. उपाशीपोटी द्यायचं रक्त, म्हणजे काम पहाटेचं. पावणेसहाला घर सोडायचं, आठपर्यंत दहा-बारा घरं करायची, नमुन्यांचा थंड डबा लॅबमध्ये पोचवायचा आणि मग काउंटरला बसायचं.

या फेरीवर रुचिराचा भारी जीव. घाटकोपरच्या पंतनगरपासून इकडे खाडीच्या टोकापर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या शिरा तिला पाठ होत्या. अमक्या आजोबांची डाव्या हाताला मिळते, तमक्या आजींना आधी कोमट पाण्यात हात धरायला लावायचा, तिसऱ्यांना गावच्या आंब्यांबद्दल विचारलं की सुई कधी गेली ते कळत नाही. एका टोचण्यात घेते पोरगी, अशी तिची ख्याती झाली होती. लॅबला फोन करताना माणसं तिचंच नाव घेऊन सांगायची.

यज्ञेशने तिला स्कूटी घ्यायला खूप सांगितलं. तिचं म्हणणं, स्कूटी लावायला जागा शोधेपर्यंत माझी दोन घरं होतात. शाळेसाठी रोज सहा-सात किलोमीटर सायकल हाणलेली बाई ती. तिला सायकलच हवी होती.

हे ऐकल्यावर तिर्लोटकरांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी घाटकोपरच्या भंगारवाल्याकडून लेडीज सायकलचा सांगाडा आणला, चाकं आणि चेन नवी बसवली, आणि स्वतःच्या जुन्या सायकलवरचा डायनॅमो आणि दिवे काढून तिच्यावर चढवले. हल्ली रबराने हँडलला अडकवायचे, चार्ज करायचे दिवे मिळतात. तिर्लोटकरांना ते मान्य नाहीत. चार्ज करायला विसरलात की बसा अंधारात. शिवाय सायकल कुठे लावली की दिवा काढून खिशात घ्या, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या खिशात गेलाच म्हणून समजा. डायनॅमोचा दिवा सायकलच्याच अंगाचा. पुढच्या चाकापाशी छोट्या बाटलीसारखा डायनॅमो, हँडलखाली पुढचा दिवा, मागच्या मडगार्डवर लाल दिवा. अंगठ्याने खटका दाबला की डायनॅमोचं डोकं टायरला टेकतं, टायरबरोबर फिरतं आणि दोन्ही दिवे लागतात. पाय मारा, उजेड घ्या, वीज कंपनीचा संबंध नाही.

दर रविवारी चहा झाला की जिन्याखाली तपासणी चाले. रुचिराने समोर उभं राहून ती शिकायची, असा नियम. डायनॅमो चाकाच्या बरोबर मध्याकडे रोखलेला हवा, तिरका बसला तर टायर कुरतडतो. टायरची कड ओल्या फडक्याने पुसायची, चिखल राहिला की डोकं घसरतं. हवा भरलेली हवी, टायर मऊ पडला की डोकं नीट टेकत नाही. चेनला तेल द्या, ब्रेकच्या सांध्यांना द्या, पण डायनॅमोच्या डोक्याला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. दिव्याचं तोंड जरा खाली ठेवायचं, म्हणजे उजेड रस्त्यावर पडतो. वर ठेवला तर समोरचा शिव्या देतो आणि आपल्याला खड्डा दिसत नाही. जादाचे बल्ब कापसात गुंडाळून सीटखालच्या पिशवीत. रुचिरा सगळं ऐकून घ्यायची, मध्येच प्रश्न विचारायची, आणि महिन्याभरात तिला ते त्यांच्याइतकंच यायला लागलं. पोटच्या पोराने कधी पाना हातात धरला नव्हता. सुनेने धरला, याचं तिर्लोटकरांना अतोनात कौतुक होतं. तोंडावर मात्र ते एवढंच म्हणायचे, "बरं जमतंय."

आता दसऱ्याचं सांगायला हवं. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, आणि त्याआधी आठवडाभर पेंट शॉपला मान वर करायला फुरसत नसे. यंत्र जुनं असो, खिळखिळं असो, पूजेला बसायचं तर त्याच्या अंगावर ताजा रंग हवा, असा तिथला रिवाज. निवृत्त झाल्यावर तिर्लोटकरांनी हा रिवाज घरी आणला. एका वर्षी शिवणयंत्राचे पाय रंगवले, एका वर्षी भांड्यांची लोखंडी मांडणी, एका वर्षी तर उत्तराबाईंची विळी, जी बाईंनी दुसऱ्याच दिवशी तारेच्या काथ्याने घासून पूर्वीसारखी केली. गेल्या दसऱ्याला सायकलची पाळी आली.

त्यांनी ती पूर्ण खोलली. जुना रंग घासून काढला, खाचखळग्यांत लांबी भरली, प्रायमर मारला आणि त्यावर मोरपंखी रंगाचे तीन हात दिले. काही म्हणता काही सोडलं नाही. डायनॅमो धरून ठेवणारी पट्टी, दिव्यांची बुडं, स्क्रूंची डोकी, सगळं मोरपंखी. खंडेनवमीला झेंडूचा हार घालून सायकल उभी राहिली तेव्हा वरच्या मजल्यांवरची माणसं खाली बघायला आली. रुचिराने पुढचं चाक उचलून फिरवलं, दिवा लख्ख लागला, उत्तराबाईंनी हळदकुंकू वाहिलं.

"पप्पा, आता हिच्यावर बसायचं की हिला शोकेसमध्ये ठेवायचं?" यज्ञेश म्हणाला.

तिर्लोटकर हसले नाहीत. पण त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून ते चार वेळा खाली जाऊन आले.

दिवाळी झाली. नोव्हेंबर संपत आला, उजाडायला उशीर व्हायला लागला, आणि एका मंगळवारी पहाटे रुचिरा पडली. हायवेच्या कडेच्या रस्त्यावर पाइप टाकायला खणून ठेवलं होतं आणि त्या पट्ट्यातले रस्त्यावरचे दिवे बंद होते. सायकल खड्ड्यात गेली, रुचिरा मातीच्या ढिगावर. तिचं कोपर सुजलं, गुडघा सोलवटला. डबा उघडून पाच घरांचे नमुने चिखलात गेले. पाच घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना आता परत उपाशी राहायचं होतं आणि परत टोचून घ्यायचं होतं. एका दुधाच्या टेम्पोवाल्याने तिला सायकलीसकट घरी आणून सोडलं.

"तुका खूप लागला काय गो?" उत्तराबाई हळद गरम करायला धावल्या. घाबरल्या की त्यांना मुंबईची भाषा सुचत नाही, थेट देवगड गाठतात.

"दिवा गेला, पप्पा," रुचिरा म्हणाली. "चालता चालता एकदम गेला. मला खड्डा दिसलाच नाही."

तिर्लोटकर तडक खाली गेले. मडगार्डला पोचा आला होता, रंगावर दोन ओरखडे. त्यांनी खटका दाबला, चाक उचललं, फिरवलं. दिवा लागला. परत फिरवलं, परत लागला. तिसऱ्यांदा जोरात फिरवलं तर समोरची भिंत उजळून निघाली. ते वर आले.

"दिवा ठीक आहे. लख्ख लागतोय."

"मग गेला कसा?" यज्ञेशने विचारलं.

"गेला नसेल. शेवटच्या घरातून निघताना खटका दाबायचा राहिला असेल."

"दाबला होता, पप्पा."

"घाईत राहतं गं. त्यात काय एवढं."

हे त्यांनी अगदी प्रेमाने म्हटलं, आणि तिथेच घोळ झाला. ते ओरडले असते तर ती भांडली असती. प्रेमाने बोलणाऱ्या सासऱ्याशी भांडायचं कसं?

मग जे व्हायचं ते झालं. यज्ञेश म्हणाला, "हे पहाटेचं बंद कर यार. आज खड्डा होता, उद्या डंपर असेल." लॅबच्या डॉक्टर अनुपमा बाई चांगल्या, पण पाच घरांचे फोन त्यांनाच आले होते. त्यांनी ठरवलं की सोमवारपासून फेरी दुसऱ्या कुणाला द्यायची आणि रुचिराने पूर्णवेळ काउंटर सांभाळायचा. तोवर तिने फक्त आसपासची तीन-चार घरं पायी करावीत. रुचिरा "हो" म्हणाली. उत्तराबाईंनी देवापुढे साखर ठेवली. तिर्लोटकरांनाही सुटल्यासारखं वाटलं. ते इथे लपवण्यात अर्थ नाही.

रुचिरा बुधवारी एकदा म्हणाली, "पण मी खटका दाबला होता." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

गुरुवारी संध्याकाळी उत्तराबाईंनी तिर्लोटकरांना दळणाला पाठवलं. सायकल उभीच होती, मडगार्डचा पोचाही त्यांनी ठोकून काढला होता. डबा कॅरियरला बांधून ते निघाले. सातचा सुमार, चांगला अंधार पडलेला. खटका दाबला, दिवा लागला, स्वारी खूश. मैदानाच्या कडेला पेव्हर ब्लॉक उखडलेत तिथे सायकल दोनदा उडाली आणि पुढचा उजेड गेला.

त्यांनी खाली वाकून बघितलं. खटका दाबलेला होता. डायनॅमोचं डोकं टायरला टेकून गरगर फिरत होतं, त्याची घरघर ऐकू येत होती. पुढचा दिवा बंद, मान वळवून बघितलं तर मागचाही बंद. तसेच पन्नासएक पावलं गेले. तिथे गतिरोधक होता. सायकलला धक्का बसला आणि दोन्ही दिवे, जणू काही झालंच नाही अशा थाटात, लागले.

गिरणीत रांग होती. तिर्लोटकर डबा पायाशी ठेवून उभे राहिले. तिच्या तोंडचं "दाबला होता, पप्पा" त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. त्यांचा नंबर आला, गेला, मागची बाई डबा घेऊन पुढे सरकली, तरी हे उभेच.

घरी येऊन ते काही बोलले नाहीत. आधी कारण तर कळू दे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. शुक्रवारी सकाळी रुचिरा कामावर गेल्यावर त्यांनी बल्ब बदलले, वायर बदलली, आणि सायकल मुद्दाम पेव्हर ब्लॉकवरून नेली. दिवा गेला. मग ते तसेच टागोरनगरला नंदूकडे गेले.

नंदू कारखान्यातला. तो मास्किंगवर होता. पंप रंगाला जायच्या आधी, जिथे रंग लागता कामा नये तिथे चिकटपट्टी लावायची, हे त्याचं काम: नावाच्या पट्टीवर, स्क्रूच्या आट्यांवर, अर्थिंगची वायर जोडतात त्या जागेवर. नंदूने उभा जन्म पट्ट्या लावल्या आणि पेंट शॉपने उभा जन्म त्याला 'चिकटपट्टी' म्हणून हाक मारली. त्यात तिर्लोटकरांचा आवाज सगळ्यात मोठा. तरी दोस्ती टिकली. नंदू आता घरबसल्या शेजारपाजारचे मिक्सर दुरुस्त करतो.

त्याने सायकलीभोवती एक फेरी मारली.

"श्याम्या, काय कडक रंग मारलायस रे! झकास!"

"रंग राहू दे. दिवा का जातो ते बघ."

"तेच बघतोय. मास्किंग कोणी केलं?"

"कसलं मास्किंग?"

नंदू हसायला लागला. इतका हसला की त्याला पायरीवर बसावं लागलं.

"डायनॅमोपासून दिव्याला वायर किती जातात?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"एक."

"आणि करंट परत कसा येतो? रिक्षाने?"

तिर्लोटकर वाकून वायर बघायला लागले.

"अरे, सायकलच्या सांगाड्यातून येतो तो. त्याला लोखंडाला लोखंड टेकलेलं लागतं. तू पट्टीला रंग मारलास, पट्टीखालच्या दांड्याला मारलास, वर परत घट्ट आवळलंस. लोखंड राहिलं कुठे मध्ये? हा टोकदार स्क्रू बघ. हा एकटा रंगात रुतून जेमतेम टेकतो. रस्ता गुळगुळीत असला तर चालू. जरा आदळली की वाट लागली. परत आदळली की परत चालू."

सदतीस वर्षं तिर्लोटकरांसमोर पंप यायचा तो पट्ट्या लावूनच. रंग कुठे मारायचा नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. तो आधीच सोडवलेला असायचा, आणि सोडवणाऱ्याला ते नावं ठेवायचे. हे सगळं त्यांच्या डोक्यात एकदम आलं आणि ते नंदूच्या शेजारी पायरीवर बसले.

नंदूने पट्टी सोडवली. पट्टीच्या आतल्या अंगाचा रंग खरवडला, दांड्यावरचा खरवडला, पॉलिश पेपर मारून लोखंड उघडं केलं. दिव्यांच्या बुडांखालीही तेच. गंज चढू नये म्हणून कडेने ग्रीसचं बोट फिरवलं आणि सगळं परत आवळलं. मोरपंखी रंगाचे कपचे फरशीवर पडत होते. तिर्लोटकर दुसरीकडे बघत होते.

"आता दगडावर आपट, दिवा जायचा नाही," नंदू म्हणाला. "कोण पडलं-बिडलं तर नाही ना?"

"सून पडली."

नंदूचं हसू गेलं. "मग तिला सांगितलंस?"

"आत्ताच तर कळलं."

"हां. मग सांग."

सांगायचं म्हणजे काय, हे नंदूला काय माहीत! परतीच्या वाटेवर तिर्लोटकरांनी सायकल हातात धरून चालवली आणि डोक्यात वकिली सुरू केली. दिवा आता दुरुस्त झालाय. पोरगी सोमवारपासून सुखाने काउंटरला बसेल, पंख्याखाली. यज्ञेश खूश, उत्तरा खूश. जखम भरत आलीय. आता हे उकरून काय मिळणार? उलट तिला परत फेरीची उमेद येईल, परत ती पहाटे हायवेला जाईल. गप्प बसण्यातच तिचं भलं आहे. घर येईपर्यंत त्यांना हे बऱ्यापैकी पटलंही होतं.

रुचिरा दुपारी जेवायला आली होती आणि परत निघत होती. ती जिना उतरून खाली आली, सासऱ्यांना बघून हसली, आणि दोन पावलं जाऊन थांबली.

"काय गं?"

"इस्त्रीचं बटण बंद केलं का बघून येते."

ती वर गेली, खाली आली. गेटपर्यंत जाऊन परत वळली.

"आता काय?"

"कुलूप ओढून बघितलं की नाही, आठवत नाही. आई झोपल्यायत आत." ती कानकोंडी होऊन हसली. "माझा काय भरवसा, पप्पा? बघितलेलं बरं."

ती पुन्हा जिना चढली. तिर्लोटकर सायकलचं हँडल धरून उभे राहिले. तीन वर्षांत ही मुलगी एखाद्या गोष्टीसाठी जिना दुसऱ्यांदा चढलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधी सरळ लाज, आणि घरापर्यंत जमवून आणलेली सगळी वकिली तिथेच संपली.

संध्याकाळी चौघं एकत्र जेवायला बसले. बांगड्याचं तिखलं होतं. तिर्लोटकरांनी पहिला घास हातात घेतला आणि खाली ठेवला.

"रुचिरा, तू खटका दाबला होतास."

सगळ्यांचे हात थांबले.

"दिवा माझ्यामुळे गेला. मी जिथे रंग मारायला नको तिथे मारला. काल दळणाला जाताना माझ्या हाताखाली गेला, खटका दाबलेला असताना. आज नंदूने उघडून दाखवलं." त्यांनी सगळं सांगितलं, पट्टीचं, स्क्रूचं, करंट परत कसा येतो त्याचं. यज्ञेशला अर्धंच कळलं. "आणि मी तुला म्हटलं, घाईत राहिला असेल. सायकल रस्त्यावर नेऊन न बघताच म्हटलं. चुकलं माझं."

"नि चार दिवस त्या पोरीक बोल लावत बसलात?" उत्तराबाईंचा आवाज चढला.

"आई, थांबा," रुचिरा म्हणाली. ती ताटाकडे बघत होती. "मला वाटायला लागलं होतं की नसेलच दाबला. सगळे म्हणतायत तर नसेल. काल टागोरनगरच्या आजींची शीर माझ्याकडून चुकली, पप्पा. दोनदा चुकली. तीन वर्षांत कधी चुकली नव्हती. सुई धरली आणि मनात आलं, हात मी समजते तिथे नसेलच तर? आजी म्हणाल्या, होतं गं बाळा. अगदी तुमच्यासारखंच म्हणाल्या."

तिर्लोटकर पाणी प्यायले. मग एकाएकी म्हणाले, "उद्या सकाळी मला चहा नको."

"का?" उत्तराबाईंनी विचारलं.

"साखर बघायला उपाशी राहावं लागतं ना? रुचिरा, पहिलं घर आपलं कर."

यज्ञेशने आईकडे बघितलं. तिर्लोटकर सुईला घाबरतात. कारखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला डॉक्टर आले की हे रंगाच्या पिंपांमागे सापडायचे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी लिहून दिलेली साखरेची तपासणी अजून व्हायची होती, आणि घरात रक्त घेणारी सून असताना ती होत नाही याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही, असा अलिखित करार होता.

"पण पप्पा, फेरी तर..." यज्ञेशने सुरुवात केली.

"तू गप रव," उत्तराबाई म्हणाल्या.

रुचिराने जेवण झाल्यावर डॉक्टर अनुपमांना फोन केला. झालं ते सांगितलं आणि म्हणाली की फेरी मला परत हवी आहे. पलीकडून बराच वेळ काही विचारणं चाललं होतं. शेवटी ती "हो मॅडम, डबा पट्ट्याने बांधते" म्हणाली आणि फोन ठेवून भांडी घासायला गेली.

सकाळी साडेपाचला तिर्लोटकर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले. डावी बाही वर, तोंड भिंतीकडे. रुचिराने दंडाला पट्टा आवळला, मूठ मिटायला सांगितली, बोटाने शीर चाचपली. मग कापसाचा गार स्पर्श झाला, आणि पुढे काहीच होईना. ती सुई हातात धरून थांबली होती. भिंतीकडे बघतानाही ते तिर्लोटकरांना कळलं. त्यांनी उजव्या हाताने खुर्चीची कड घट्ट धरली.

"घे," ते म्हणाले. "दोनदा टोचावं लागलं तर दोनदा टोच. मी हलत नाही."

मुंगी चावावी तसं काहीतरी झालं. ते दात आवळून खऱ्या टोचण्याची वाट बघत राहिले.

"मूठ सोडा."

त्यांनी सोडली. बराच वेळ गेला.

"झालं का?"

"केव्हाच झालं, पप्पा. एकदाच लागलं."

त्यांनी मान वळवून बघितलं. ती नळी हातात फिरवत होती आणि तिचा हात अगदी स्थिर होता. तिने नळीवर पेनाने त्यांचं नाव आणि वय लिहिलं, ती डब्याच्या पहिल्या खणात ठेवली, डब्याचा पट्टा ओढून बघितला, एकदाच, आणि दुसऱ्या घराला निघाली.